श्रुतिपेटी

सप्तकातील बारांऐवजी बावीस स्वरस्थाने, म्हणजे श्रुती, वाजावीत अशी जुळवलेली पेटी (हार्मोनियम). ती घडवण्याची खटपट सांगलीकडची, तिच्यावरचा जाहीर खल मात्र १९१६ च्या मार्चमध्ये बडोद्यात झाला.

नेहमीच्या पेटीचे दुखणे आकड्यांत सांगता येते. सेंट हे स्वरांतर मोजण्याचे एकक; सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर तिची प्रत्येक पट्टी १००-१०० सेंटांवर बसवलेली असते. त्यात पंचम २ सेंटांनी उतरतो, ते कानाला जाणवतही नाही. गंधाराचे तसे नाही. जवारी (घोडीवर तारेला मिळणारी झणकार) नीट लागलेल्या तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार ३८६ सेंटांवर असतो आणि पेटीचा ४०० वर. दोन्ही एकदम सुरू झाले की सूर थरथरू लागतो. शुद्ध धैवत तर १६ सेंटांनी चढाच.

भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामाच्या सा, म, प यांना प्रत्येकी चार, रे-ध यांना तीन आणि ग-नि यांना दोन अशा बावीस श्रुती सांगितल्या आहेत. एका श्रुतीचे माप तिथे आकड्यांत नाही. ते कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेच्या लांबीवरून काढले व १९१० मध्ये प्रसिद्ध केले. पडताळ्यासाठी गायले अब्दुल करीम खाँ, जे पूर्वी बडोदे दरबारीच होते. देवल आणि ब्रिटिश सनदी (आयसीएस) अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी या हिशेबाबरहुकूम लंडनमध्ये पेटी बनवून घेतली.

परिषद बडोद्यात भरण्यामागे सयाजीरावांचा आश्रय होता. दरबारच्या कलावंत कारखान्यात गवयी-वादक पदरी होते आणि मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ पासून चालू होती. सूरसागराकाठच्या आजच्या संगीत महाविद्यालयाचे मूळ तेच. संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींवर बरीच खडाजंगी झाली. तंजावरचे वैद्य अब्राहम पंडितर मुलींना घेऊन आले, त्यांच्याकडून वीणा वाजवून घेतली आणि श्रुती बावीस नसून ५०-५० सेंटांच्या चोवीस आहेत असा पक्ष मांडला. म्हणजे एकीकडे देवलांची पूर्णांकी गुणोत्तरे, दुसरीकडे पंडितरांचे समान तुकडे! सूक्ष्मस्वरांचे प्रयोग करणाऱ्यांत हेच दोन तट आजही आहेत. भातखंड्यांनी शिकवण्यापुरते बारा स्वर पुरेसे मानले.

या वादात आकड्यांना अंमळ जास्तच मान मिळाला. दरबारी रागाचा गंधार अतिकोमल खरा, पण तो एका जागी थांबतच नाही. आंदोलनात रिषभाकडे झुकतो. पट्टी कितीही अचूक जुळवा, तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही.

तरी खटपट थांबली नाही. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांच्या पेटीत सा आणि प अचल असून उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन जागा आहेत, आणि वादक रागानुसार त्यांतली एक निवडतो. २ अधिक २०, असे बावीस.

संगणकावर तर भाताही लागत नाही. स्वरजुळणी लिहिण्याच्या ‘स्काला’ पद्धतीच्या साध्या मजकूर फाइलमध्ये बावीस श्रुती म्हणजे षड्जाशी असलेल्या गुणोत्तरांच्या बावीस ओळी: पहिली २५६/२४३, मध्ये गंधाराची ५/४, शेवटची तारषड्जाची २/१. मूळ षड्ज लिहावा लागत नाही, तो गृहीतच असतो. बडोद्यात बसून केलेली जुळणी अशी दुसऱ्या गावच्या वादकाला पाठवता येते. त्याने आपल्या पट्टीचा सा लावला की झाले.