ह्राबाल, बोहुमिल

(२८ मार्च १९१४ – ३ फेब्रुवारी १९९७). चेक कादंबरीकार व कथाकार. जन्म ब्रनो येथे. बालपण निंबुर्क गावच्या बिअरच्या कारखान्यात गेले. सावत्र वडील तिथे व्यवस्थापक होते. दोन आठवड्यांसाठी आलेला आणि मग कायमचाच राहिलेला बडबड्या पेपिन काका हाच ह्राबालचा खरा गुरू म्हणावा लागेल. ‘वयस्कांसाठी नृत्याचे धडे’ (१९६४) ही पुस्तकभर एकच वाक्य चालणारी आणि शेवटी पूर्णविरामही नसलेली कादंबरी त्या काकाच्याच तोंडची आहे.

प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात तो कायदा शिकत असताना १९३९ मध्ये नाझींनी विद्यापीठे बंद केली. पदवी हाती पडली ती थेट १९४६ मध्ये, पण वकिली त्याने कधीच केली नाही. रेल्वे, विमा, क्लाद्नोचा पोलाद कारखाना, नाटकाचे रंगमंच अशा नाना ठिकाणी तो राबला. पहिला कथासंग्रह निघाला तेव्हा (१९६३) त्याची पन्नाशी जवळ आली होती. युद्धकाळातील एका लहानशा स्टेशनावरची ‘कडक पहाऱ्यातल्या गाड्या’ (१९६५) ही कादंबरी यिरी मेंझेलच्या ऑस्करविजेत्या चित्रपटामुळे जगभर पोहोचली.

१९५४ नंतर काही वर्षे तो प्रागच्या स्पालेना रस्त्यावर रद्दीचे गठ्ठे बांधत होता. ‘फारच गोंगाटाचा एकांत’ या छोट्या कादंबरीचे बीज त्या कामात आहे. तिचा नायक हान्त्या पस्तीस वर्षे तळघरात यंत्राखाली पुस्तके दाबतो. पण प्रत्येक गठ्ठ्याच्या पोटात एखादा ग्रंथ उघडा ठेवतो, बाहेरून जुन्या चित्रांच्या प्रती गुंडाळतो आणि काही पुस्तके गुपचूप घरी नेतो. ह्राबालची सर्वश्रेष्ठ कृती निःसंशय हीच. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियावर झालेल्या सोव्हिएत आक्रमणानंतर खुद्द त्याचीच छापून तयार झालेली पुस्तके लगद्यात गेली. ‘मी इंग्लंडच्या राजाला वाढले’ ही कादंबरी टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरली.

१९७५ मध्ये कम्युनिस्ट राजवटीला अनुकूल वाटेल अशी मुलाखत त्याने दिली आणि त्याला पुन्हा छापले जाऊ लागले, तेही काटछाट करून. चिडलेल्या काही तरुणांनी प्रागमध्ये त्याची पुस्तके जाळली. देश सोडून गेलेल्या कादंबरीकार मिलान कुंदेराशी तुलना करून त्याला भित्रा ठरवणे सोपे आहे; पण त्याचे सगळे लेखन दारूच्या गुत्त्यातल्या बोलीवर पोसलेले होते आणि ती बोली परदेशात कुठून मिळणार? ‘सोनेरी वाघ’ हा प्रागमधला त्याचा ठरलेला गुत्ता. १९९४ मध्ये चेक राष्ट्राध्यक्ष हावेल अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटनना घेऊन त्याला भेटायला तिथेच आले होते.

प्रागच्या रुग्णालयात पाचव्या मजल्याच्या खिडकीतून पडून त्याचा मृत्यू झाला. कबुतरांना दाणे टाकताना तोल गेला असे तेव्हा सांगण्यात आले. पाचव्या मजल्यावरून उडी टाकण्याचा विचार मात्र त्याच्या लेखनात आधीच येऊन गेला होता.