कोरडेपणा आणि कोमटपणा: दोन्हींवर एकच औषध देऊ नका

प्रार्थना सभेत कुणी धीर करून म्हणालं, "हल्ली प्रार्थनेत मनच लागत नाही," की उत्तर ठरलेलं असतं: "आयुष्यात कुठेतरी पाप लपलं असेल, तपासून बघा." पुण्यात क्वार्टर गेटपासून पिंपरीपर्यंत कुठेही जा, मिस्सेला जाणारे कॅथलिक असोत की उपासनेला जाणारे प्रोटेस्टंट, सल्ला हाच. मला त्याचा वीट आला आहे. कोरडेपणा आणि कोमटपणा हे देवाच्या जवळ जाण्यातले दोन निरनिराळे अडथळे त्यात एकत्र कोंबले जातात.

कोमटपणावर, म्हणजे देवाविषयीच्या निवांत बेफिकिरीवर, फार सांगायला नको. बायबलच्या प्रकटीकरण पुस्तकात प्रभू ख्रिस्ताने 'कोमट' म्हणून फटकारलेल्या लावदिकीया शहरातल्या मंडळीवरचा (चर्चवरचा) संदेश आपण सगळ्यांनी ऐकलाय. एवढंच लक्षात घ्या की तिथे 'शीत' ही शिवी नाही. तू शीत किंवा उष्ण असतास तर बरं झालं असतं, असं प्रभू म्हणतो. म्हणजे भावना थंड पडल्या म्हणून लगेच स्वतःला लावदिकीयात नेऊन बसवायचं कारण नाही.

कोरडेपणा म्हणजे शास्त्र उघडलं तरी अक्षरं नुसती डोळ्यांखालून जाणं, गीत ओठांवरच राहणं, देव ऐकतोय असं अजिबात न वाटणं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही माणसं अनेकदा सारखीच दिसतात आणि इथेच सगळे फसतात.

फरक बघायचा तो एकाच ठिकाणी: देव दूर वाटतो याचा त्या माणसाला त्रास होतो का? लावदिकीयाच्या मंडळीची तक्रार काय होती? काहीच नव्हती. प्रकटीकरण 3:17 वाचा: मी श्रीमंत आहे, मला काही उणं नाही. उपाशी माणूस आणि येताना भेळ खाऊन आलेला माणूस, दोघांचंही ताट रिकामंच असतं. पण एकाच्या पोटात आग असते आणि दुसरा ढेकर देत असतो. कोमट माणूस "मन लागत नाही" असं सांगायला उठतच नाही. तो मजेत असतो. सख्ख्या भावाशी जमिनीवरून वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं, आणि रविवारी स्तुतिगीतांना सर्वांत मोठा आवाज त्याचाच! डोळ्यांत पाणीसुद्धा येतं. त्या पाण्यावरून आपण त्याला आत्म्याने भरलेला ठरवतो.

सोळाव्या शतकातल्या संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी हे फार बारकाईने मांडलंय. 1577 मध्ये त्यांच्याच कार्मेल संन्यासी संघातल्या लोकांनी त्यांना टोलेडोत कोंडून ठेवलं होतं. त्यांना अंधाराबद्दल ऐकीव माहितीवर लिहायची गरज नव्हती. कोरडेपणा देवाकडून आलेला आहे, हे ओळखायच्या त्यांनी तीन खुणा दिल्या. देवाच्या गोष्टींत गोडी उरत नाही, पण जगाच्या गोष्टींतही उरत नाही. मन वारंवार देवाकडेच वळतं आणि "मी मागे पडतोय" म्हणून कळवळतं. आणि पूर्वीसारखं चिंतन, प्रयत्न करूनही, जमत नाही. पहिली खूण मला फार उपयोगी वाटते. प्रार्थनेचा कंटाळा येतो पण मोबाइलचा येत नाही, तर तो कोरडेपणा नव्हे.

असा कळवळणारा माणूस आपल्याकडे तर पंडिता रमाबाईंच्या रूपाने होऊन गेला. 1883 मध्ये बाप्तिस्मा झाला, आणि सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नव्हता. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. त्या शोधत राहिल्या. "मला काही उणं नाही" म्हणून स्वस्थ बसल्या नाहीत.

म्हणून उपायही उलटे आहेत. कोमट माणसाने काहीतरी बदलायलाच हवं: भावाला फोन, पापनिवेदन, बुडवलेले पैसे परत. मत्तय 5:23-24 मध्ये अर्पण वेदीजवळच ठेवून आधी समेट करायला सांगितलंय, तिथे पळवाट नाही. कोरड्या माणसाला मात्र पाप खणायला लावणं म्हणजे दुःखात पडलेल्या ईयोबाला 'तुझंच पाप असेल' म्हणणाऱ्या त्याच्या मित्रांचं काम, आणि ईयोबाच्या पुस्तकात शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांवरच रागावला आहे. कोरड्या माणसाने प्रार्थनेची वेळ चुकवू नये आणि स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रांचे वापरावेत. स्तोत्र 88 घ्या. ते अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर आधी डॉक्टर गाठा. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने दोनदा जेवू घातलं, उपदेश केला नाही.

आता खरी गुंतागुंत. नगर रस्त्यावरच्या ज्ञान-दीप या धर्मशास्त्राच्या संस्थेतले येशूसंघी (जेझुइट) ज्यांचा वारसा सांगतात, त्या संत इग्नेशियस यांनी कोरडेपणाची तीन कारणं दिली: आपला निष्काळजीपणा, देवाने पाहिलेली कसोटी, आणि गोडी ही आपली कमाई नसून त्याचं दान आहे हे शिकवणं. म्हणजे कधी कोरडेपणाच्या मुळाशी आपला कोमटपणाही असू शकतो. पण ते तीनांतलं एक कारण आहे, आणि आपल्या सभांमध्ये उरलेली दोन कुणी उच्चारतच नाही.

इग्नेशियस यांचाच आणखी एक नियम तर पुण्यात रोज मोडला जातो: अशा काळात आधी घेतलेले निर्णय बदलू नका. इथे लोक महिनाभर कोरडं वाटलं की "तिकडे आत्मा जास्त आहे" म्हणत मंडळी बदलतात. बदलायचीच असेल तर बदला, पण गोडी परत आल्यावर.