ताठ चिमट्याच्या सायकलीची पार्श्वभूमी

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाच्या फाटकापाशी रविवारी सकाळी उभ्या असलेल्या सायकलींमध्ये एखादी अशी असते की तिच्याकडे पाहून नवखा हमखास विचारतो, "हिचा शॉकअप कुठे गेला?" पुढचे चाक धरणारा चिमटा साध्या पोलादी नळ्यांचा, मागे स्प्रिंग नाही, टायर मात्र सव्वादोन इंच रुंद. या सायकलीला चालवणारे लोक ‘रिजिड’ म्हणतात. ती दुकानात तयार क्वचितच मिळते. जुनी फ्रेम हुडकून आणि एकेक सुटा भाग जमवून ती उभी करावी लागते. ही निव्वळ जुन्याची हौस आहे असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे, कारण माउंटन बाइक ही वस्तू मुळात अशीच, भंगारातल्या फ्रेमवर भलत्याच कामासाठी बनलेले भाग चढवून तयार झाली आणि पहिली दहा-बारा वर्षे तिला सस्पेन्शन ठाऊकच नव्हते.

१९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मॅरिन परगण्यातल्या माउंट टॅमल्पायसच्या परिसरात राहणारी काही तरुण मंडळी महायुद्धापूर्वीच्या श्विन सायकली मातीमोलाने विकत घेऊन त्या डोंगरावरून खाली पिटाळत असत. श्विन कंपनीने १९३३ मध्ये दोन इंचांहून थोडा अधिक रुंद असा फुगीर टायर बाजारात आणला होता, तो मुलांच्या दणकट सायकलींसाठी. पुढे चाळीस वर्षांनी डोंगरात उपयोगी पडला तो हाच टायर. मडगार्ड, कॅरियर आणि शोभेचे पत्रे काढून टाकल्यावरही या सायकलींचे वजन वीस किलोंच्या घरात राही. त्या ज्या वाटांवरून उतरत, त्या वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरात काढलेल्या कच्च्या रस्त्यांच्या होत्या. आपल्या वनखात्याच्या जाळरेषांची ती चुलत भावंडेच म्हणायला हरकत नाही.

फेअरफॅक्स गावाजवळच्या अशाच एका रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. साधारण साडेतीन किलोमीटरांत हा रस्ता ४०० मीटर खाली येतो. उलटे पायडल मारले की लागणारा ब्रेक मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधोमधच्या फिरत्या भागाच्या, पोटात असे, आणि त्या उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. खाली पोहोचल्यावर हब उघडून ग्रीस पुन्हा भरल्याशिवाय सायकल कामाची राहत नसे. या ‘पुन्हा भरण्या’वरूनच त्या रस्त्याला आणि शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. त्या मंडळींतल्याच गॅरी फिशरने तिथे नोंदवलेली ४ मिनिटे २२ सेकंदांची वेळ शर्यती बंद होईपर्यंत कोणाला मोडता आली नाही. याच फिशरने आपल्या जुन्या श्विनला गिअर आणि ड्रमब्रेक बसवले होते, आणि त्या ब्रेकचे लिव्हर होते मोटरसायकलचे.

जुन्या फ्रेम मोडू लागल्या तेव्हा जो ब्रीझ या कारागिराने १९७७ मध्ये या कामासाठी म्हणून पहिली फ्रेम नव्याने जोडली. नळ्या क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या, घेतल्या. फ्रेमच्या नळ्यांमधले कोन मात्र त्याने जुन्या श्विनचेच ठेवले, कारण त्या पसरट कोनांमुळे सायकल उतारावर बिथरत नसे. ती सायकल आज अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीने जोडलेल्या फ्रेमवर सायकली उभ्या करून विकायला सुरुवात केली, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड या कंपनीची जपानमध्ये बनवून घेतलेली स्टम्पजंपर आल्यावर हा हाताने जुळवायचा माल कारखान्यातून निघू लागला. या सगळ्या सायकली रिजिड होत्या. फक्त तसे वेगळे सांगण्याची गरज त्या काळी कोणाला पडत नव्हती.

ती गरज १९८९ नंतर निर्माण झाली. त्या वर्षी पॉल टर्नरने रॉकशॉक्स ही कंपनी सुरू केली आणि तिचा दुर्बिणीसारखा आत-बाहेर सरकणारा चिमटा लवकरच शर्यतींत दिसू लागला. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा उताराच्या शर्यतीत ग्रेग हर्बोल्ड तोच चिमटा लावून जिंकला. १९९६ मध्ये हा खेळ अटलांटा ऑलिम्पिकमध्ये पोहोचेपर्यंत साधा चिमटा हा स्वस्त सायकलींचा भाग ठरून गेला होता.

आपल्याकडचा क्रम वेगळा आहे. टीआय सायकल्स (१९४९), ॲटलस (१९५१) आणि हिरो (१९५६) यांनी घरोघरी पोहोचवलेली काळी सायकल ही इंग्रजी घडणीची होती: २८ इंची चाक, दीड इंची टायर, दांड्यांचे ब्रेक. ठाण्यात वागळे इस्टेटच्या पाळीला जाणारे कामगार आणि दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले दूधवाले हीच सायकल चालवत. खेड्यापाड्यांत तर ती बांधावरून, पाणंदीतून आणि खडीच्या रस्त्यावरून निमूट चालली. कोनांच्या बाबतीत ही काळी सायकल मॅरिनच्या श्विनपासून फार दूर नाही. तिचीही मान, म्हणजे चिमट्याचा दांडा जिच्यात फिरतो ती पुढची नळी, मागे कललेली आणि चाकांतले अंतर लांब असते. कमी पडले ते टायर आणि ब्रेक. दीड इंची टायर सैल मुरमात रुततो, आणि क्रोमचा मुलामा दिलेल्या ओल्या रिमवर आतून घासणारे ते रबर पावसाळ्यात केवळ समाधानापुरते असते. त्यामुळे आपल्याकडे खडबडीत वाटेने सायकल नेणे हे कामच राहिले, त्याचा खेळ झाला नाही.

नव्वदच्या दशकात सरळ हँडल, २६ इंची चाक आणि गुठळ्यांचा टायर असलेली रेंजरसारखी सायकल आली. तीही रिजिडच, पण जड पोलादाची, बहुधा बिनगिअरची. तिच्या पाठोपाठ ‘डबल शॉकअप’चे युग आले. मुलांनी हट्ट धरला आणि पालकांनी पैसे मोजले, पण त्या स्वस्त सायकलींत नुसती स्प्रिंग होती, स्प्रिंगच्या उसळीला आवर घालणारी यंत्रणा नव्हती. चढावर पायडल मारावे तर निम्मी ताकद सायकलला झोके देण्यातच जायची. माझ्या मते रिजिडकडे परत वळलेल्या ठाणेकरांपैकी अनेकांना ही वाट त्या स्प्रिंगनेच दाखवली. परदेशात कारण निराळे होते: १९९९ मध्ये २९ इंची चाकासाठी नॅनोरॅप्टर हा रुंद टायर आला, मोठे चाक लहान खड्ड्यांवरून सहज जाते हे लोकांना पटले, आणि सर्लीसारख्या कंपन्यांनी पोलादी, ताठ चिमट्याच्या सायकली पुन्हा विक्रीला आणल्या.

सायकल जुळवताना हा सगळा इतिहास हाताला लागतो. नव्वदच्या दशकाच्या आरंभीची २६ इंची फ्रेम आखली गेली ती सुमारे ४०० मिलिमीटर लांबीच्या चिमट्यासाठी. ही लांबी आसापासून चिमट्याच्या माथ्यापर्यंत मोजतात. १०० मिलिमीटर दबणारा सस्पेन्शनचा चिमटा भरतो सुमारे ४७०. दर २० मिलिमीटरला मान साधारण एक अंश मागे कलते, म्हणजे जुन्या फ्रेमवर तो चढवला तर साडेतीन अंशांचा फरक पडतो आणि चढावर पुढचे चाक भरकटू लागते. उलट, पुढच्या काळातल्या फ्रेमवर जुना आखूड चिमटा लावला तर स्वार हँडलवर ओणवा होतो. म्हणूनच मधल्या लांबीचे, सस्पेन्शनची जागा भरून काढणारे ताठ चिमटे आज वेगळे मिळतात, आणि फ्रेम कोणत्या काळातली हे ठरवल्याशिवाय ते मागवू नयेत.

माझ्या पहिल्या फ्रेमचा पायडलखालचा कप, म्हणजे पायडलचा आस जिच्यात फिरतो ती आट्यांची वाटी, काढताना एका दुकानातल्या मिस्त्रीने हातभर लांबीचा पाइप पान्ह्यात घालून जोर लावला आणि कप अधिकच आवळला गेला. इंग्रजी मापाच्या या जागेत उजवीकडच्या कपाचे आटे उलटे असतात, नाहीतर पायडलच्या फिरण्याने तो आपोआप सैल होत जातो. शेवटी फ्रेम उलटी करून, आट्यांत रात्रभर तेल मुरू देऊन दुसऱ्या दिवशी तो कप निघाला. मागचा हब फ्रेममध्ये नीट बसवायला लागणारे दोन बुश मी वागळे इस्टेटमधल्या एका लेथवर टर्न करून घेतले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले १९६२ मध्ये आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत मानली जाते. मोठे कारखाने पुष्कळसे गेले तरी एक-दोन नग हसत करून देणारे लेथवाले तिथे अजून आहेत, आणि अशा सायकलीला नेमका त्यांचाच आधार लागतो.

चालवायचे कुठे, हा प्रश्नही मॅरिनइतकाच जुना आहे. तिथे ऐंशीच्या दशकात पायवाटांवर सायकलींना बंदी येऊ लागली, त्यातूनच १९८८ मध्ये माउंटन बाइकवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. येऊर हा सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिथल्या जंगलवाटा परवानगीशिवाय कोणालाही खुल्या नाहीत. पाड्यांकडे जाणारा डांबरी रस्ता सोडून आत शिरणाऱ्याने बिबट्याआधी कायद्याचा विचार करावा. त्यामुळे ठाण्यातले स्वार खाडी ओलांडून पारसिकच्या रांगेकडे किंवा खारघरच्या टेकडीकडे जातात. खाणींसाठी काढलेले रस्ते, वाड्यांना जोडणाऱ्या पायवाटा, बेसाल्टचे उघडे कातळ आणि त्यांवरचा सैल मुरूम, असे तिथले मिश्रण आहे. या वाटांवर ताठ चिमट्याचे सारे काम टायरलाच करावे लागते: ट्यूबलेस टायरमध्ये हवा २५ पौंडांच्या आसपास ठेवली तर कातळाचे दणके मनगटापर्यंत थोडे बोथट होऊन येतात, ३५ ला तेच दणके दातांपर्यंत जातात.

पावसाळ्यात लाल चिखल टायर आणि चिमट्याच्या मधल्या फटीत थापला जातो आणि हबच्या आत छर्रे धरून ठेवणाऱ्या शंकूच्या आकाराच्या ‘कोन’ नावाच्या भागांपर्यंत पोहोचतो. सस्पेन्शनचा चिमटा असेल तर त्याचे सील आणि आतले तेल बदलावे लागते, आणि ते काम गल्लीतल्या सायकल मार्टमध्ये होत नाही. ताठ चिमट्याला पुसून कोरडे करण्यापलीकडे काही लागत नाही. हब मात्र उघडावे लागतात: ऑक्टोबरमध्ये वाटा सुकल्या की कोन सैल करून छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, काळपट झालेले वेगळे काढायचे आणि नवे ग्रीस भरायचे.