पीएफ मुदतीआधी काढल्यास लागणारा कर

सलग पाच वर्षांची सेवा पुरी होण्याआधी कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे पीएफची, सगळी जमा काढून घेतली तर त्या रकमेवर आयकर लागतो. लोक याला ‘दंड’ म्हणतात, पण भारतीय कायद्यात असा वेगळा दंड नाही. निवृत्तीसाठी म्हणून दिलेली करसवलत सरकार परत घेते. खरा दंड अमेरिकेत आहे. तिथे वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांआधी ४०१(के) किंवा आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यांतून पैसे काढले, तर काही अपवाद सोडता नेहमीच्या आयकराशिवाय काढलेल्या रकमेच्या आणखी १० टक्के भरावे लागतात.

पीएफमध्ये कामगार मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के भरतो आणि मालकही तेवढेच भरतो. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के, १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंत, पेन्शन योजनेकडे जातात. लवकर काढलेल्या रकमेतला मालकाचा वाटा व त्याचे व्याज पगार म्हणून करपात्र होते, तर स्वतःच्या वाट्याचे व्याज इतर उत्पन्नात धरले जाते. स्वतःच्या वाट्यावर पूर्वी वजावट घेतली असेल तर तीही रद्द होऊन त्या त्या वर्षाचा कर भरावा लागतो.

पाच वर्षे कशी मोजायची, इथे बहुतेकांची गफलत होते. ती एकाच मालकाकडची असावी लागत नाहीत. जुन्या नोकरीतली जमा नव्या नोकरीच्या खात्यात वळवली की आधीची सेवाही धरली जाते. हा नियम मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतून आलेला. आजारपण, मालकाचा धंदा बंद पडणे किंवा कामगाराच्या हाताबाहेरचे दुसरे कारण असेल, तर पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कमही करमुक्त राहते. कामावरून कमी झालेल्या माणसाला हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून ते मुद्दाम नोंदवायला हवे. कंत्राटी कामगारांचे नुकसान यात सर्वांत जास्त होते. ठेकेदार बदलला की नवे खाते उघडते, जुने पैसे काढून घेतले जातात आणि पाच वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. २०१४ पासून यूएएन हा नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफ क्रमांक असल्याने जमा वळवणे सोपे झाले आहे.

१ जून २०१५ पासून अशा रकमेतून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतला जाणारा कर, कापला जातो. त्यासाठीची किमान रक्कम आधी ३०,००० रुपये होती, २०१६ मध्ये ती ५०,००० झाली. पॅन दिलेला नसेल तर एप्रिल २०२३ पासून कपात २० टक्के आहे. दरमहा १५,००० रुपये वेतनावर चार वर्षे काम केलेल्याची जमा व्याजासह सव्वा लाखाच्या पुढे जाते. म्हणजे साडेबारा हजारांवर रुपये हातात येण्याआधीच कापले जातात. त्याचे वर्षाचे उत्पन्न बहुधा करमर्यादेखालीच असते. आपले उत्पन्न करपात्र नसल्याचे सांगणारा फॉर्म (मार्च २०२६ पर्यंतचा १५जी) आधी भरला तर कपात टळते. नाही भरला तर विवरणपत्र भरूनच परतावा मागावा लागतो, आणि ज्याने आयुष्यात कधी विवरणपत्र भरलेले नाही त्याचे पैसे सरकारकडेच पडून राहतात.

पीएफवर हात घालण्याचे सरकारी प्रयत्न कामगारांनी परतवले आहेत. फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पातला काढलेल्या रकमेच्या ६० टक्के भागावर कर लावण्याचा प्रस्ताव मार्चमध्ये मागे घ्यावा लागला. मालकाचा वाटा ५८ व्या वर्षापर्यंत अडकवणाऱ्या नियमाविरुद्ध त्याच एप्रिलमध्ये बंगळुरूच्या कपडा कारखान्यांतल्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, आणि तोही नियम रद्द झाला. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने नोकरी सुटल्यावर पूर्ण रक्कम काढण्यासाठीची प्रतीक्षा दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला.

करापेक्षा मोठा तोटा पेन्शनचा आहे. दहा वर्षांची सेवा भरण्याआधी पेन्शनचा वाटाही काढून घेतला, तर तेवढी वर्षे पेन्शनच्या हिशेबातून कायमची जातात, आणि मासिक पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे पुढच्या नोकरीत पहिल्यापासून मोजावी लागतात.