प्राथमिक वर्गातील मोफत ऑनलाइन खेळ (कोकण)

प्राथमिक वर्गातील मोफत ऑनलाइन खेळ : पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवताना किंवा त्यांचा सराव घेताना वापरले जाणारे, पैसे न मोजता मिळणारे संगणकावरचे आणि मोबाइलवरचे खेळ. प्रश्नमंजुषा, चित्रफलक, वाचनाची ॲप आणि शिक्षकाला स्वतःचा खेळ बनवू देणारी साधनेही यातच धरतात. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. ज्ञानरचनावाद (मुलाने स्वतः करून शिकावे हा विचार), डिजिटल शाळा हे शब्द त्याच सुमारास कोकणातल्या जिल्हा परिषद शाळांच्या फळ्यांवर आणि अहवालांत दिसू लागले आणि खेळही त्यांच्यामागून आले. ‘ऑनलाइन’ हा शब्द मात्र या किनाऱ्यावर सैल अर्थाने घ्यावा लागतो. तालुक्याच्या गावी रेंजमध्ये खेळ उतरवून घ्यायचा आणि वाडीवरच्या शाळेत नेटशिवाय चालवायचा, ही इथली सरावाची रीत आहे.

‘मोफत’मध्येही दोन जाती आहेत. एक नुसती फुकट, दुसरी मुक्त. फुकट साधनाचा मालक उद्या दर लावू शकतो, मुलांच्या संख्येवर मर्यादा घालू शकतो किंवा दुकानच बंद करू शकतो. मुक्त साधनाची संहिता (सोर्स कोड) खुली असते, प्रत करून वाटता येते, भाषांतर करता येते. नॉर्वेतले काहूट (२०१३) आणि बंगळुरूत सुरू झालेले क्विझिझ (२०१५; आता वेग्राउंड) ही प्रश्नमंजुषेची साधने पहिल्या जातीची. जीकॉम्प्री, टक्सपेंट आणि स्क्रॅच दुसऱ्या जातीचे. जीकॉम्प्री २००० साली फ्रान्समध्ये सुरू झाले. त्यात दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभराहून अधिक छोटे खेळ आहेत. टक्सपेंट (२००२) हा चित्रफलक, तर स्क्रॅच (२००७) ही एमआयटीच्या मीडिया लॅबमधली, ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा. आपल्याच किनाऱ्यावर खाली केरळने सरकारी शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली आणि प्राथमिकच्या संगणक-पुस्तकांतच असे खेळ गुंफले. महाराष्ट्रात निवड बहुतेक एकेका गुरुजींच्या किंवा बाईंच्या हौसेवर राहिली.

कोकणातली प्राथमिक शाळा लहान असते. गाव एक, पण वाड्या सात-आठ आणि मध्ये सडा (कातळाचे पठार), वहाळ (ओढा), खाडी. त्यामुळे वाडीगणिक शाळा निघाली आणि पुढे मुंबईकडची ओढ व घटते जन्म यांमुळे पट उतरत गेला. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता हे सर्वसाधारण चित्र. अशा शाळेत खेळाचा खरा उपयोग चकचकीत पडद्यावरून ठरत नाही. बाई पहिली-दुसरीला अक्षर गिरवून घेत असताना तिसरी-चौथीला वीस मिनिटे कामात गुंतवून ठेवता आले का, एवढेच पाहायचे. शिक्षकाच्या देखरेखीशिवाय चालणारा, चूक लगेच दाखवणारा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करू देणारा खेळ इथे तिसऱ्या शिक्षकाचे काम करतो. प्रत्येक मुलापुढे एक टॅब ठेवणाऱ्या शहरी शाळेसाठी बनवलेली काहूटसारखी स्पर्धा बारा-चौदा पोरांत आणि एका फोनवर फसते.

त्या मानाने प्लिकर्स हे साधन अशा वर्गाला छान बसते. मुलाच्या हातात फक्त कागदाचे कार्ड. त्यावर चौकोनी काळी नक्षी आणि चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. प्रश्न फळ्यावर लिहायचा, मुलाने आपल्या उत्तराची कड वर करून कार्ड धरायचे आणि बाईंनी फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्याने शेजाऱ्याचे बघून धरण्यात अर्थ नसतो, आणि कोण चुकले हे वर्गाला न कळता फक्त बाईंना कळते. लाजऱ्या मुलांसाठी ही गोष्ट मोठी आहे. पावसाळ्यात कार्डे सादळतात म्हणून कोणी ती लॅमिनेट करून आणते. मग खिडकीतला उजेड चकाकीवरून परततो, कॅमेऱ्याला नक्षीच दिसत नाही आणि मागच्या बाकावरून हाक येते, ‘बाई, माजा नाव इला नाय!’ साधा जाड पुठ्ठा बरा, तो दरवर्षी नवा कापायचा.

पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड हा इथला दुसरा मोठा दरवाजा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड जोडले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, त्यामागे या कामाचा मोठा वाटा होता. केंद्राचे दीक्षा हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले आणि बालभारतीच्या पुस्तकांवरचे कोड त्याला जोडले गेले. त्यातला मजकूर आधी उतरवून ठेवता येतो, म्हणून रेंज नसलेल्या वाडीतही तो चालतो. अर्थात व्हिडिओ बघणे म्हणजे खेळणे नव्हे, आणि दीक्षावर व्हिडिओ बरेच आहेत.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे सगळे शिक्षकांच्या हातातून पालकांच्या फोनमध्ये गेले. गुगल फॉर्मवरच्या चाचण्या आणि शेवटी नावाचे प्रमाणपत्र, यांचा व्हॉट्सॲपवर पूर आला. कोकणात मुले रेंजसाठी सड्यावर चढून बसत. १४ जुलै २०२० च्या केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या जास्तीत जास्त दोन तासिका सुचवल्या होत्या. रेंजच जिथे तासभर टिकत नव्हती तिथे ही मर्यादा आपोआप पाळली गेली. त्याआधीच, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले होते आणि श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत शाळांची छपरे उडाली होती. विजेचे खांब आडवे झालेल्या गावांत फोन चार्ज करायलाच जागा नव्हती, तिथे ऑनलाइन वर्ग कसला भरणार! पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याच्या बाहेरून गेले, तरी वीज पुन्हा गेलीच.

नेट गेल्यावरही एक खेळ शिल्लक राहतो, तो म्हणजे क्रोम ब्राउझरमधला निवडुंगावरून उड्या मारणारा डायनासोर. २०१४ पासून तो जोडणी तुटल्याच्या पानावर असतो. त्यात शिकण्यासारखे काही नाही, पण मुलांना तो कोणी शिकवावा लागला नाही. नेट येण्याची वाट बघणाऱ्या कुठल्याही वर्गात तो निघतोच.

जुन्या शिक्षकांच्या बोलण्यात फ्लॅशचे खेळ अजून येतात. बेरजेचे, घड्याळाचे, नकाशा जोडण्याचे असंख्य फुकट खेळ त्या तंत्रावर होते. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढला, १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरमध्ये हा मजकूर चालेनासा झाला आणि पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षे जमवलेला साठा एका फटक्यात निकामी झाला. तेव्हापासून जाणते शिक्षक खेळ निवडताना आधी तो एचटीएमएल५ वर (वेगळ्या प्लेअरशिवाय ब्राउझरमध्येच चालणाऱ्या तंत्रावर) आहे ना, फाइल उतरवता येते ना, हे विचारतात. कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा पडद्यावरच्या प्रात्यक्षिकांचा प्रकल्प या दोन्ही कसोट्यांना उतरतो. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो सुरू केला. त्याची अनेक प्रात्यक्षिके मराठीत आहेत आणि अपूर्णांक, क्षेत्रफळ, दहाची जोडी अशी काही थेट प्राथमिकच्या कामाची आहेत.

भाषांतर झाले तरी खेळातले जग परकेच राहते. अपूर्णांक आले की पिझ्झा किंवा केक कापला जातो, जीकॉम्प्रीच्या पैशांच्या खेळात युरोच्या नोटा मोजाव्या लागतात. किनाऱ्यावरचे शिक्षक त्याला आपली जोड देतात. पडद्यावर केकचा पाव भाग, हातात भाकरीचा चतकोर. गुणाकाराला आंब्याची पेटी चालते, कारण चार डझनांची पेटी आणि पाच डझनांची पेटी यांतला फरक चौथीतल्या मुलाने घरी मे महिन्यात हाताळलेला असतो. मराठी संख्यानामे ही वेगळीच अडचण. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ आले तेव्हा राज्यभर वाद झाला. परदेशी खेळाला या वादाची गंधवार्ता नसते. त्याच्या इंग्रजी आवाजात सदतीस आणि त्र्याहत्तर यांचा घोळ होतच नाही, तो मराठी वर्गात मात्र रोज होतो. म्हणून अंकांच्या खेळाचा आवाज बंद करून मुलांकडून संख्या मोठ्याने म्हणवून घेणे हाच उत्तम उपाय.

वाचनासाठी गुगलचे रीड अलाँग हे ॲप वापरतात. ते २०१९ मध्ये ‘बोलो’ या नावाने आधी भारतात आले. मूल मोठ्याने वाचते, ॲप ऐकते आणि अडले तिथे शब्द उच्चारून दाखवते. मराठी गोष्टी आहेत, उतरवल्यावर नेट लागत नाही. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाने अक्षर बरोबर ओळखूनही सूर वेगळा लावला, तर त्याला चूक म्हणायचे की नाही, हा निर्णय मात्र बाईंनी स्वतःकडे ठेवावा. प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर (८ सप्टेंबर २०१५) हे गोष्टींचे संकेतस्थळ खुल्या परवान्याचे आहे. त्यावरची गोष्ट कोणालाही आपल्या बोलीत उतरवता येते आणि छापूनही काढता येते, म्हणजे वीज नसली तरी वाचता येते.

फुकट खेळाची किंमत बहुधा जाहिरातीत वसूल होते. पहिलीतल्या बोटाला ‘पुढे’ आणि ‘इन्स्टॉल’ यांतला फरक कळत नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तोवर बेरीज-वजाबाकीच्या मधोमध रमीचे निमंत्रण येण्याची भीती असे. फोन फ्लाइट मोडवर टाकणे हा शाळांतला सर्रास तोडगा. जाहिरातही थांबते आणि केंद्रप्रमुखांचा फोनही. मुलांची खाती उघडण्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. बऱ्याच परदेशी साधनांची तेरा वर्षांची अट अमेरिकेच्या १९९८ च्या बालगोपनीयता कायद्यातून आली आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. मुलांची खरी नावे न घालता ‘कोकम’, ‘फणस’, ‘बांगडा’ अशी टोपणनावे दिली तर खेळ तितकाच रंगतो.

यंत्रे बहुतेक लोकवर्गणीतून येतात. ग्रामस्थ मंडळाची मुंबई शाखा, माजी विद्यार्थी, गणपतीला आलेला एखादा चाकरमानी टीव्ही किंवा प्रोजेक्टर देतो आणि त्यावर देणगीदाराचे नाव रंगवले जाते. वीजबिलाला देणगीदार सापडत नाही, आणि थकबाकीपोटी जोडणी तुटलेल्या शाळेत नावाचा टीव्ही फडक्याखाली असतो. जिथे वीज आहे तिथे खारी हवा आणि पावसाळी दमट प्लग, पिना, स्पीकर खातात. म्हणून पावसाळ्यातही टीव्ही आठवड्यातून दोनदा तरी लावावा, आतली ऊब ओल धरू देत नाही, असे इथले शिक्षक सांगतात. वळीव गडगडू लागला की प्लग ओढून बाजूला ठेवायचा, हे काम बहुतेक शाळांत चौथीच्या मुलांकडे असते.