क्रेडिट हस्तांतर : कम्युनिटी कॉलेजातून खासगी ख्रिस्ती विद्यापीठात

अमेरिकेतील दोन वर्षांच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात मिळवलेले श्रेयांक (रोजच्या बोलण्यात ‘क्रेडिट’) एखाद्या चर्चपरंपरेशी जोडलेल्या चार वर्षांच्या खासगी विद्यापीठाच्या पदवीत धरून घेण्याची प्रक्रिया. पहिले सरकारी कम्युनिटी कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉय राज्यात जोलिएट येथे सुरू झाले. अशा कॉलेजातली दोन वर्षांची असोसिएट पदवी साधारण ६० क्रेडिटची, तर बॅचलर पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. त्यामुळे निम्मी पदवी स्वस्तात उरकून उरलेली निम्मी महागड्या विद्यापीठात करावी, हा हिशेब अनेक कुटुंबे मांडतात. कागदावर तो बरोबर असतो. प्रत्यक्षात दोन निम्म्यांची बेरीज क्वचितच एक होते.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगमध्ये मिळणाऱ्या प्रवेशासारखा वाटतो. पण तेथे आख्खे वर्ष एकगठ्ठा माफ होते. अमेरिकेत मात्र प्रत्येक विषय सुटा तपासला जातो आणि निकालही विषयागणिक वेगळा लागतो.

सरकारी संस्थांपुरते हे काम कायद्याने बरेच सोपे केले आहे. टेक्सासमध्ये ४२ क्रेडिटचा सामायिक गाभा-अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याकडून दुसऱ्या सरकारी विद्यापीठाला तो पुन्हा करून घेता येत नाही. खासगी विद्यापीठाला हे बंधन नाही. कोणता विषय कुठे धरला जातो हे दाखवणारे कॅलिफोर्नियातील ‘असिस्ट’ हे संकेतस्थळही तेथील सरकारी विद्यापीठांपुरतेच आहे. म्हणून वेकोचे बेलर (बॅप्टिस्ट), मालिबूचे पेपरडाइन (चर्चेस ऑफ ख्राइस्ट) किंवा ला मिराडाचे बायोला अशा ठिकाणी जाणाऱ्याला त्या त्या विद्यापीठाची समकक्षता-यादी किंवा कॉलेजाशी झालेला लेखी करारच पाहावा लागतो. ‘सगळीकडे चालते’ हे कॉलेजातल्या सल्लागाराचे वाक्य बहुधा सरकारी विद्यापीठे डोळ्यांसमोर ठेवून उच्चारलेले असते.

टेक्सासच्या कॉलेजांचे विषयक्रमांक नीट वाचता आले तर बरेच काही आधीच कळते. चार आकड्यांपैकी पहिला आकडा पातळी सांगतो आणि दुसरा क्रेडिट. इंग्लिश १३०१ म्हणजे पहिल्या वर्षाचा, ३ क्रेडिटचा. बायोलॉजी १४०६ म्हणजे प्रयोगशाळेसह ४ क्रेडिटचा. पहिला आकडा शून्य असेल तर तो तयारीचा विषय. तो फीस आणि वेळ दोन्ही खातो, पण पदवीत धरला जात नाही. बायोलॉजी १४०६ विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि १४०८ इतरांसाठी. दोन्हींचे क्रेडिट सारखे, नावही जवळपास सारखे, त्यामुळे गल्लत हमखास होते. १४०८ घेऊन मग जीवशास्त्रात मेजर (पदवीचा मुख्य विषय) करायचे ठरले, तर तो विषय बहुधा केवळ ऐच्छिक म्हणून पडून राहतो. गणिताचेही तसेच. १३१४ (कॉलेज अल्जिब्रा), १३२४ (व्यवसाय व सामाजिक शास्त्रांसाठी गणित), १३४२ (प्राथमिक संख्याशास्त्र) आणि २४१३ (कॅल्क्युलस) या चार वेगळ्या वाटा आहेत. कोणती धरायची हे आधी मेजर ठरवल्याशिवाय सांगता येत नाही.

या सगळ्या व्यवहारात ‘स्वीकारले’ आणि ‘लागू झाले’ या दोन शब्दांत सर्वाधिक गफलत होते. रजिस्ट्रारचे कार्यालय क्रेडिट स्वीकारते. ते पदवीच्या आराखड्यात कुठे बसेल हे संबंधित विभाग ठरवतो. एक नमुना हिशेब पाहू. ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजाच्या अधिकृत गुणपत्रिकेवर) ६६ क्रेडिट आहेत. त्यांतले ६ तयारीच्या विषयांचे, ते गेले. ३ क्रेडिटच्या एका विषयात डी श्रेणी आहे, तोही गेला. स्वीकारपत्रावर ५७ हा आकडा छापून येतो आणि घरी पेढे वाटले जातात. पण त्या ५७ मध्ये नाट्यपरिचय, व्यायाम, जागतिक धर्म आणि एक जादा संख्याशास्त्र असे १२ क्रेडिटचे विषय फक्त ऐच्छिक म्हणून आले आहेत, आणि निवडलेल्या मेजरमध्ये ऐच्छिकांना जागा आहे ६ क्रेडिटची. म्हणजे कामाला आली ५१. १२० मधून उरली ६९. सत्राला १५ या वेगाने चार सत्रांत ६० होतात, म्हणून पाचवे सत्र लागते. खासगी विद्यापीठाच्या दराने ते एक जादा सत्र पडले, की कम्युनिटी कॉलेजात वाचवलेल्या पैशांचा मोठा हिस्सा परत जातो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१७ च्या अहवालात अंदाज दिला, की २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली. त्यात सर्व प्रकारच्या संस्था आल्या, तरी रोख कळतो.

श्रेणीबाबत सर्वसाधारण दंडक सी किंवा त्याहून वरचा. सी-वजा काही ठिकाणी चालतो, बऱ्याच ठिकाणी नाही. ‘पास’ एवढाच शेरा असलेले विषय अडकतात. वेल्डिंग, वाहनदुरुस्ती यांसारख्या तांत्रिक अभ्यासक्रमाची ‘अप्लाइड’ असोसिएट पदवी हस्तांतरासाठी घडवलेलीच नसते. नर्सिंगमध्ये शरीररचनाशास्त्राचे जुने क्रेडिट अनेक विभाग पाच-सात वर्षांनंतर धरत नाहीत. बहुतेक विद्यापीठे क्रेडिट घेतात, गुण घेत नाहीत. त्यामुळे कॉलेजात कमावलेला ४.० चा जीपीए (श्रेणींची सरासरी) प्रवेशाला आणि शिष्यवृत्तीला उपयोगी पडतो, नंतर नवा जीपीए पाटी कोरी करून सुरू होतो.

ख्रिस्ती विद्यापीठाचा खरा वेगळेपणा धर्मविषयांत आहे. बेलरमध्ये ख्रिस्ती धर्मग्रंथ आणि ख्रिस्ती वारसा हे दोन विषय आणि दोन सत्रांचे चॅपल (प्रार्थनासभेची हजेरी) हा पदवीचा भाग असतो. बायोला तर बायबल व ईश्वरशास्त्राच्या तब्बल ३० युनिटसाठी (युनिट म्हणजे क्रेडिटच) ओळखले जाते. सरकारी कॉलेजात यांचा पर्याय सहसा मिळत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या निर्णयाप्रमाणे सरकारी शिक्षणसंस्थेत बायबलचा अभ्यास साहित्य किंवा इतिहास म्हणून होऊ शकतो, श्रद्धा म्हणून नाही. टेक्सासच्या कॉलेजांतला फिलॉसॉफी १३०४ (जागतिक धर्म) हा विषय म्हणून ‘धर्माची अट यातून सुटेल’ या आशेने घेऊ नये. तो बहुधा मानव्यविद्या किंवा ऐच्छिक या खणात जातो. परिणामी तिसऱ्या वर्षाला आलेला विद्यार्थी धर्मग्रंथाच्या वर्गात अठरा वर्षांच्या मुलांशेजारी बसतो. त्यात वाईट काही नाही, पण ते तास मेजरच्या प्रयोगशाळेवर आदळतात आणि वेळापत्रक कोलमडते. चॅपल क्रेडिटच्या हिशेबात दिसत नाही म्हणून मागे टाकले जाते आणि शेवटच्या सत्रात पदवी अडवते. ते आल्याबरोबर उरकावे. हस्तांतरितांसाठी अनेक विद्यापीठे आणलेल्या क्रेडिटच्या प्रमाणात धर्माची अट कमी करतात; ही सवलत किती, हे प्रवेश घेण्यापूर्वी लेखी घ्यावे.

श्रद्धेची अट ही निराळी बाब. बायोला पदवीपूर्व विद्यार्थी ख्रिस्ती असावा अशी अपेक्षा ठेवते. बेलर आणि पेपरडाइन कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला घेतात. मद्यपान, लग्नाविना सहवास यांविषयीची आचारसंहिता मात्र प्रवेशानंतर सर्वांना लागू होते. ती सही करण्यापूर्वी वाचणारे थोडे.

आणखी दोन मर्यादा. दोन वर्षांच्या कॉलेजातून किती क्रेडिट घ्यायची याला कमाल सीमा असते (बऱ्याच ठिकाणी ६० ते ७०), आणि विद्यापीठातच किती करायची याला किमान (कुठे ३०, कुठे ६०). शिवाय पदवीतील ठरावीक भाग वरच्या पातळीचा, म्हणजे ३००० व ४००० क्रमांकांचा लागतो. तो कम्युनिटी कॉलेजात सहसा शिकवला जात नाही. म्हणून ६० च्या पुढे कॉलेजात रेंगाळणे तोट्याचे.

प्रक्रिया अशी. हस्तांतराच्या निदान वर्षभर आधी विद्यापीठ आणि मेजर निश्चित करून त्या वर्षाचा पदवी-आराखडा उतरवून घ्यावा. प्रत्येक विषयाची अभ्यासरूपरेषा, आठवडावार पाठ आणि पुस्तकाच्या नावासह, त्याच सत्रात जपून ठेवावी. दोन वर्षांनी प्राध्यापक बदललेले असतात. शिकलेल्या प्रत्येक कॉलेजाचे अधिकृत ट्रान्सक्रिप्ट त्या कॉलेजाकडूनच थेट जावे लागते. फोडलेले पाकीट चालत नाही. दुसऱ्या कॉलेजातून आधी आणलेली क्रेडिट या कॉलेजाच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसत असली, तरी मूळ कॉलेजाचे वेगळे मागवावे. मूल्यमापन हाती आले की ‘ऐच्छिक’ असा शिक्का पडलेल्या ओळी शोधाव्यात आणि अभ्यासरूपरेषा जोडून विभागाकडे फेरविचार मागावा. सविस्तर अभ्यासरूपरेषा सोबत असलेला अर्ज बऱ्याचदा मंजूर होतो. नुसते विनंतीपत्र सहसा नाही. अनामत भरण्यापूर्वी हे सगळे व्हायला हवे.

कॅलिफोर्नियातील डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजे क्वार्टर पद्धतीची, म्हणजे सेमिस्टरपेक्षा लहान सत्रांची आहेत. क्वार्टरची दीड युनिट म्हणजे सेमिस्टरचे एक. ४ क्वार्टर युनिटचा विषय सेमिस्टरच्या विद्यापीठात २.६७ ठरतो आणि ३ च्या अटीला चिमूटभर कमी पडतो. विषय मान्य होऊनही बेरीज तुटते ती इथे.

पैशाच्या बाजूने पाहता हस्तांतरितांची शिष्यवृत्ती जीपीएच्या पायऱ्यांवर ठरते. कॉलेजांच्या फाय थीटा कॅपा या गुणवत्तामंडळाच्या सदस्यांना अनेक खासगी विद्यापीठे वेगळी रक्कम देतात. टेक्सासच्या रहिवाशांना खासगी विद्यापीठातील फीमधला फरक काही अंशी भरून काढणारे ट्यूशन इक्वलायझेशन अनुदान गरजेनुसार मिळते. गरजू विद्यार्थ्यांसाठीचे अमेरिकी केंद्र सरकारचे पेल अनुदान आयुष्यात बारा पूर्ण सत्रांपुरतेच असते, आणि वाया गेलेली सत्रेही त्यात मोजली जातात.

पुण्या-मुंबईहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर थेट कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांना आणखी एक हस्तांतर करावे लागते, ते सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) नोंदीचे. जुन्या कॉलेजातील अधिकारी ठरलेल्या तारखेला नोंद सोडतो, त्यानंतर नवे विद्यापीठ आय-२० हे व्हिसासाठी लागणारे प्रमाणपत्र देते. ती तारीख उलटली की जुने कॉलेज निर्णय फिरवू शकत नाही. प्रत्येक नियमित सत्रात किमान १२ क्रेडिट हवीत, आणि त्यांत ऑनलाइनचे ३ पेक्षा जास्त धरले जात नाहीत. भारतात एफवाय किंवा एसवाय केले असेल तर त्या गुणपत्रिकांचे विषयवार मूल्यमापन बहुधा नव्याने करून द्यावे लागते. कम्युनिटी कॉलेजाने ते मान्य केले होते, हे विद्यापीठावर बंधनकारक नसते. दोन संस्थांमधील खंड पाच महिन्यांहून जास्त चालत नाही, म्हणून डिसेंबरात कॉलेज संपवून ऑगस्टात विद्यापीठात जाण्याचा बेत व्हिसावर टिकत नाही.