‘राकू’ नाव कुणाचे? चहाच्या वाडग्यामागची पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईच्या पॉटरी स्टुडिओंत राकू पद्धतीने मातीची भांडी भाजायची भट्टी लागते तेव्हा बघायला गर्दी होते. लालबुंद भांडे सांडशीने उचलायचे, भुशाच्या डब्यात टाकायचे आणि वरून झाकण दाबायचे. धूर निवल्यावर हाती येते तांब्याची झळाळी आणि काळ्या तड्यांची जाळी. दिसायला देखणे, पण ते पाणी पितं, म्हणून खाण्यापिण्यासाठी सहसा वापरत नाहीत. राकू जन्माला आले ते मात्र चहा पिण्यासाठीच.

मूळ राकू जपानमधल्या क्योतोचे, १५८० च्या दशकातले. कौलकाम जाणणाऱ्या एका कारागिराकडून त्या काळच्या सर्वांत मोठ्या चहागुरूने हे वाडगे घडवून घेतले. त्या कारागिराने १५७४ मध्ये घडवलेला मातीचा सिंह आजही जपून ठेवलेला आहे. वाडगा चाकावर चढत नाही. माती तळहातांनी उभी करायची आणि नंतर कोरून काढायची. काळ्या वाडग्याच्या झिलईत, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरात, कामो नदीच्या दगडाची पूड असते. भात्याने फुललेल्या लहानशा भट्टीतून तो एकेकटा, तापलेला असतानाच बाहेर ओढतात. झिलई झटक्यात निवते म्हणून काळी होते; सावकाश निवू दिली तर तपकिरी पडते. ओढताना झालेला सांडशीचा व्रण वाडग्याच्या अंगावर कायम राहतो. भुसा नाही, धूर नाही, पाण्यात बुडवणेही नाही.

नावाचा गुंता इथूनच सुरू होतो. सुरुवातीला लोक याला ‘इमायाकी’, म्हणजे ‘आत्ताची भांडी’, म्हणत. पुढे त्या वेळच्या सत्ताधीशाच्या जुराकुदाई या वाड्याशी नाते जोडले गेले. वाडा १५९५ मध्ये पाडला गेला, पण त्याच्या नावातले ‘राकू’ हे अक्षर, अर्थ ‘सुख, स्वस्थता’, भांड्यांवरच्या शिक्क्यावर उरले. तो शिक्का सत्ताधीशानेच बहाल केला, असे परंपरा सांगते. पुढे तेच त्या कारागिराच्या घराण्याचे आडनाव झाले. म्हणजे राकू हे आधी माणसांचे नाव आहे, तंत्राचे नंतर.

अठराव्या शतकात राकूची कृती सांगणारे पुस्तक छापले गेले आणि हौशी लोकही ‘राकू’ भाजू लागले, हे खरे. पण शब्दाचा अर्थ पालटला तो विसाव्या शतकात. १९११ मध्ये तोक्योतल्या एका मेजवानीत पाहुण्यांनी भांडी रंगवली आणि ती तिथल्या तिथे भाजून त्यांच्या हातात दिली. त्या पाहुण्यांत एक तरुण इंग्रज चित्रकार होता. त्या दिवसाने त्याला कुंभार केले. १९४० मध्ये त्याने कुंभारकामावर पुस्तक लिहिले आणि राकूची कृती इंग्रजी वाचणाऱ्यांच्या हाती पडली. १९६० मध्ये अमेरिकेतल्या एका शिक्षकाने त्याच आधाराने प्रयोग सुरू केला. तापलेले भांडे पानांत, भुशात टाकण्याची रीत त्याच्यामुळे रूढ झाली. जपानी राकूत ती कधीच नव्हती.

१९७८ मध्ये क्योतोत हस्तकलाकारांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिथे दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. घराण्याच्या चौदाव्या प्रमुखाने ‘राकू’ या नावाच्या वापराला हरकत घेतली. अमेरिकनांचे म्हणणे असे की शब्द आता तंत्राचा झाला आहे, त्यावर कुणाची मालकी नाही. वापराच्या अंगाने पाहिले तर त्यांचे चुकत नाही. तरीही मला घराण्याचीच बाजू पटते. ज्या पद्धतीत चहा नाही, हाताने उभी केलेली माती नाही, सांडशीचा व्रण नाही, तिला दुसरे नाव देणे मुळीच अवघड नव्हते. ‘अमेरिकन राकू’ हा शब्द आता रुळला आहे. आपल्याकडच्या कार्यशाळांच्या पत्रकांवर तोही क्वचितच दिसतो.

क्योतोत २०१९ पासून सोळावी पिढी काम बघते आहे. झिलईची कृती बाप मुलाला सांगत नाही, ती ज्याची त्याने शोधायची. माती मात्र वारशाने येते. पणजोबांनी साठवलेली आजचे हात वापरतात, आणि आज साठवलेली पणतवंडांसाठी राखून ठेवतात.